थेंब रक्ताचा, आकडा भरवशाचा

(आकाशवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचा संपादित भाग)

रक्तातली साखर घरच्या घरी तपासण्याची सोय आता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही शिकण्यासारखं आहे असं कुणाला वाटतच नाही. औषधाच्या दुकानातून ग्लुकोमीटर आणायचा, बोटाला सुई टोचायची, थेंब स्ट्रिपला लावायचा आणि आकडा वाचायचा. झालं! मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी गेली सत्तावीस वर्षं रक्त-लघवी तपासणीची प्रयोगशाळा चालवते. या काळात जी तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली ती अशी, की 'आमचं मशीन चुकीचं दाखवतं.' मी म्हणते, मशीन घेऊन या आणि माझ्यासमोर तपासून दाखवा. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. चूक झालेली असते ती रक्त मशीनपर्यंत पोचण्याआधीच्या दोन मिनिटांत. त्या दोन मिनिटांविषयी आज बोलायचं आहे.

ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना जुने दिवस आठवत असतील. काचेच्या नळीत निळं बेनेडिक्ट द्रावण घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे, नळी तापवायची आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा चढत गेला तर साखर जास्त. पण रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत सहसा उतरत नाही. शिवाय साखर धोकादायकरीत्या कमी झाली, तर ते या पद्धतीत कळायचंच नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत रक्ताच्या पट्टीचा रंग वाचणारं पहिलं यंत्र निघालं. ते जड होतं, महाग होतं आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवण्यासाठी होतं. आज तेच काम तळहातावर मावणारं यंत्र काही सेकंदांत करतं.

या सोयीबरोबर एक जबाबदारीही घरात आली. पूर्वी आकडा डॉक्टर पाहत आणि औषध डॉक्टर ठरवत. आता इन्सुलिन घेणाऱ्या अनेकांना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं असतं, की शुगर इतकी आली तर इतकी युनिटं घ्या, इतकी आली तर इतकी. म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून काढलेल्या एका आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरते. आकडा खोटा असेल तर मात्राही चुकते, आणि जास्त झालेलं इन्सुलिन माणसाला बेशुद्ध करू शकतं. म्हणून त्या थेंबाची किंमत थोडी जास्त ओळखायला हवी.

हा थेंब किती लहान असतो, बघा. बऱ्याच ग्लुकोमीटरना अर्धा मायक्रोलिटर रक्त पुरतं. एका मिलिलिटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोलिटर, आणि त्याचाही हा अर्धा. शुगर १०० असेल तर एवढ्या रक्तात ग्लुकोज असतं अवघं अर्धा मायक्रोग्रॅम. आता समजा, बोटाच्या कातडीवर कुठून तरी चिकटलेलं आणखी अर्धा मायक्रोग्रॅम ग्लुकोज त्या रक्तात मिसळलं. आकडा थेट दुप्पट, २०० येईल. अर्धा मायक्रोग्रॅम म्हणजे साखरेच्या एका दाण्याच्या वजनाचा हजारावा हिस्सासुद्धा धड नाही. एवढंसं ग्लुकोज डोळ्यांना दिसत नाही आणि बोटाला चिकटही लागत नाही. मशीनला मात्र ते रक्तातलं कुठलं आणि कातडीवरचं कुठलं, हे कळत नाही.

आमच्याकडे मे महिन्यात याचा अनुभव हमखास येतो. एक निवृत्त मास्तर, वय सत्तरीच्या पुढे, बरीच वर्षं इन्सुलिनवर. सुट्टीला नातवंडं आली होती, म्हणून दुपारी त्यांनी स्वतः बसून रायवळ आंब्यांचा रस काढला. स्वतः मात्र थेंब चाखला नाही. हात फडक्याला पुसले आणि संध्याकाळी जेवणाआधी नेहमीसारखी शुगर तपासली, तर आकडा आला ३८६! मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, लपून आंबा खाल्लात ना? मग खरं सांगायला काय होतं?" मास्तर शपथा घेऊ लागले. चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस स्वतःच्या घरात खोटा ठरला. वैतागून त्यांनी तक्त्याप्रमाणे जादा इन्सुलिन भरायला घेतलं. तेवढ्यात मुलाने मला फोन केला. मी विचारलं, "अरे, बाबांनी दुपारी काय केलं?" त्याने रसाचं सांगितलं. म्हटलं, "सिरिंज आधी खाली ठेवायला सांग. साबणाने हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासा." दहा मिनिटांनी फोन आला, "ताई, एकशे अठ्ठेचाळीस!"

आता विचार करा, की ३८६ खरं मानून मास्तरांनी जादा युनिटं घेतली असती, तर रात्री झोपेत त्यांची साखर कुठवर उतरली असती? आणि झोपलेल्या माणसाला घाम फुटला, थरथर सुटली, तर ती शेजारच्याला कळतेच असं नाही.

ही गोष्ट फक्त आमच्या आंब्याची नाही. २०११ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी याचा प्रयोगच केला. मधुमेह नसलेल्या निरोगी माणसांना संत्री, द्राक्षं आणि किवी सोलायला दिली आणि मग त्यांच्या बोटाचं रक्त तपासलं. आकडे भलतेच जास्त आले. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसलं, एकदा नव्हे, पाच पाच वेळा पुसलं, तरी आकडे जास्तच. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र आकडे खरे आले. यातली स्पिरिटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे स्पिरिट लावलं की बोट शुद्ध झालं असा ठाम समज आहे. स्पिरिट जंतू मारतं. साखर मात्र पाण्यानेच नीट धुऊन निघते.

म्हणून पहिली पायरी हात धुण्याची. साबण आणि पाणी घेऊन, नखांच्या कडा आणि बोटांची टोकं चोळून हात धुवा. पाणी कोमट असेल तर उत्तम, कारण कोमट पाण्याने बोटांकडे रक्त येतं. कढत पाणी मात्र नको. अनेक मधुमेहींच्या हातांची संवेदना कमी झालेली असते आणि चटका बसलेला कळत नाही. मग हात स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटावर थेंबात पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. प्रवासात पाणी नसल्यामुळे स्पिरिटचा बोळा वापरलाच, तर ते पूर्ण उडून जाऊ द्या. मगच टोचा.

दुसरी पायरी म्हणजे कुठलं बोट आणि कुठली जागा. पुष्कळ जण बोटाच्या बरोबर मध्यावर, ज्या भागाने आपण अंगठा उमटवतो तिथे टोचतात. तिथे स्पर्शाच्या नसा दाटीने असतात, त्यामुळे दुखतंही जास्त आणि नंतर कुठलीही वस्तू धरताना सलतं. त्याऐवजी बोटाच्या टोकाची कड घ्या, नखाच्या बाजूची, पण नखाला अगदी खेटून नको. मधलं बोट आणि अनामिका सर्वांत सोयीची. अंगठा आणि तर्जनी शक्यतो सोडा, कारण चिमटीत धरण्याची सगळी कामं तीच करतात. रोज त्याच बोटावर घाव घालू नका. बोटं आणि बाजू आलटून पालटून घ्या.

इन्सुलिनवर असलेली नववीतली एक मुलगी माझ्याकडे येते. दिवसातून चार वेळा तपासावं लागतं. उजव्या हाताच्या बोटांना टोचून टोचून लिहिताना दुखायचं, म्हणून परीक्षेच्या दिवसांत तिने आईला न सांगता तपासणंच थांबवलं होतं. डाव्या हाताच्या तीन बोटांच्या दोन्ही कडा धरल्या, तर सहा जागा मिळतात. हे तिला दाखवलं, तशी ती पुन्हा तपासू लागली. दुखतं म्हणून तपासणी सोडून देणारी अशी माणसं मला दर महिन्याला भेटतात. त्यांना धाक घालून उपयोग नसतो, जागा बदलून दिली की पुष्कळदा काम होतं.

टोचण्याच्या पेनवर खोली कमी-जास्त करायचे आकडे असतात. मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ, तिथे लहान आकडा पुरतो. शेतात राबणाऱ्या हाताला मोठा लागतो. सुरुवात लहान आकड्यापासून करा आणि थेंब येत नसेल तर एकेक पायरी वाढवा. सुई दर वेळी नवी घ्या. वापरलेल्या सुईचं टोक बोथट होतं, म्हणून ती जास्त दुखवते आणि रक्तही कमी काढते. वाचवलेल्या सुईचे पैसे बोटांकडून वसूल होतात.

आता तिसरी आणि माझ्या मते सर्वांत जास्त बिघडणारी पायरी, पिळण्याची. टोचलं, पण रक्त टिपूसभरच आलं. स्ट्रिप मशीनमध्ये घातलेली आहे आणि एकेक स्ट्रिप महाग. ती फुकट जाईल या धास्तीने माणूस बोट लिंबासारखं पिळू लागतो. मी कुणाला दोष देत नाही, धास्ती पैशांची असते आणि खरी असते. पण जोराने पिळल्यावर रक्ताबरोबर कातडीखालच्या पेशींमधला पाण्यासारखा द्रवही बाहेर येतो आणि थेंब पातळ होतो. असा आकडा भरवशाचा नसतो. रक्त यावं म्हणून जे करायचं ते टोचण्याआधी करा. हात अर्धा मिनिट खाली सोडा, मनगट झटका, तळव्याकडून बोटाच्या टोकाकडे हलकेच चोळत या. टोचल्यावर बोट खाली धरून क्षणभर थांबा, थेंब आपोआप फुगतो. बोटाच्या मुळापासून हलका दाब दिला तर चालतो, टोकाशी चिमटा घेऊ नका. आणि स्ट्रिप आधी घालून ठेवली असली, तरी थेंब पुरेसा झाल्यावरच लावा.

पहिला थेंब घ्यायचा की पुसून दुसरा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. घरातल्या ग्लुकोमीटरपुरतं बोलायचं तर, हात नीट धुऊन कोरडे केले असतील तर पहिला थेंब चालतो. हात धुणं शक्यच नसेल आणि बोटांना फळ किंवा गोड काही लागलेलं नसेल, तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. इतर काही घरगुती तपासण्यांच्या संचात पहिला थेंब पुसायला सांगितलेलं असतं. तिथे त्या संचाबरोबरच्या कागदावर लिहिलं असेल तेच करा.

थेंब स्ट्रिपवर वरून ओतायचा नसतो आणि फासायचाही नसतो. आजच्या बहुतेक स्ट्रिप कडेने रक्त स्वतः ओढून घेतात. कड थेंबाला नुसती टेकवा. रक्त कमी पडलं तर मागाहून दुसरा थेंब जोडू नका. काही मोजक्या मशीनना ते चालतं, पण तसं माहितीपत्रकात लिहिलं असेल तरच. मग कापसाने बोट जरा दाबून धरा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर थोडं जास्त वेळ.

कोकणातल्या श्रोत्यांसाठी स्ट्रिपविषयी आणखी थोडं. स्ट्रिपवर ग्लुकोज ओळखणारं एक जैविक रसायन लावलेलं असतं आणि दमट हवा हा त्याचा शत्रू. डबीच्या आत ओलावा शोषणारा पदार्थ असतो, पण झाकण उघडं राहिलं तर तो किती पुरणार? स्ट्रिप काढली की झाकण लगेच घट्ट लावा. ओल्या हाताने डबीत बोटं घालू नका. स्ट्रिप दुसऱ्या डबीत किंवा पुडीत काढून ठेवू नका आणि फ्रिजमध्येही ठेवू नका. डबी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा, कारण फोडल्यानंतर किती महिने वापरायची तेही डबीवर छापलेलं असतं.

यानंतरची गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. टोचण्याचं पेन एका माणसाचं, एकाच माणसाचं. नवराबायको दोघांनाही मधुमेह, घरात पेन एक, 'सुई बदलतो ना!' असं मला सांगतात. सुई बदलली तरी पेनच्या टोकाला रक्ताचा सूक्ष्म अंश राहू शकतो. कावीळ 'बी'चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतो. बोट टोचण्याची साधनं एकापेक्षा जास्त माणसांना कधीही वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणांनी २०१० मध्ये दिला, तो अशा साधनांमधून कावीळ पसरल्याची उदाहरणं घडल्यामुळेच. घरात दोन माणसं असतील तर पेनं दोन ठेवा आणि नावं घाला. गावात मोफत तपासणीचं शिबिर असेल तेव्हा तुमच्यासमोर नवी सुई उघडली का, हे बघा. आणि संकोच न करता विचारा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, बाटली भरली की झाकण चिकटवून वर 'सुया' असं लिहा आणि आपल्या दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत विचारून द्या. कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हातात त्या घुसू नयेत.

सगळं नीट केलं तरी घरचा आकडा आणि प्रयोगशाळेचा आकडा तंतोतंत जुळत नाही. ग्लुकोमीटरसाठी २०१३ चं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार शुगर १०० किंवा त्याहून जास्त असताना शंभरपैकी पंचाण्णव निकाल प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे यावे लागतात. म्हणजे प्रयोगशाळेत २०० असेल तर घरी १७० ते २३० मधलं काहीही चालण्यासारखं आहे. शिवाय जेवणानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेच्या रक्तातल्या साखरेपेक्षा मुळातच जास्त असते. त्यामुळे मशीन पडताळायचं असेल तर उपाशीपोटी, दोन्ही रक्तं एकाच वेळी देऊन पडताळा. अंगात रक्त कमी असेल तर पुष्कळ ग्लुकोमीटर साखर आहे त्याहून जास्त दाखवतात. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्तक्षय किती आहे हे वेगळं सांगायला नको. म्हणून वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि ते कमी असेल तर डॉक्टरांना ग्लुकोमीटरची आठवण करून द्या.

एका प्रसंगी मात्र मी आत्ता सांगितलेला हात धुण्याचा नियम मागे ठेवायचा. अचानक घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, छातीत धडधडतंय, डोकं गरगरतंय, तर ती साखर कमी झाल्याची लक्षणं असू शकतात. ७० च्या खाली गेलेली साखर म्हणजे धोक्याची खूण. मशीन हाताशी असेल तर तपासा, पण त्यासाठी शोधाशोध करत बसू नका. आधी तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी तपासा. ही दुसरी तपासणी करताना हात जरूर धुवा. कारण ग्लुकोज पावडरचा डबा आत्ताच हाताळलेला असतो आणि तीच पावडर बोटांवर असते. बोटांवरच्या पावडरमुळे आकडा १८० आला, सगळे निर्धास्त झाले आणि रक्तातली साखर मात्र अजून खालीच, असं होऊ शकतं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखान्यात न्या.

शेवटी एक वही ठेवा. तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, आकडा आणि घेतलेलं औषध, एवढे पाच रकाने पुरेत. मशीनच्या आठवणीत आकडे राहतात, पण त्या दिवशी लग्नाचं जेवण होतं की ताप होता, हे राहत नाही. आणि एखादा आकडा रोजच्यापेक्षा भलताच वेगळा आला, तब्येत मात्र नेहमीसारखी वाटते आहे, तर औषधाला हात लावण्याआधी हात धुवा आणि दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासा. दुसऱ्यांदाही तसाच आला, तर तो खरा समजून डॉक्टरांना फोन करा. त्यात एक स्ट्रिप जादा जाईल. ती वाया गेली असं समजू नका.

घरात मधुमेही माणूस असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून ते शुगर कशी तपासतात हे एकदा पाहा. हात धुतात का, कुठे टोचतात, किती पिळतात, डबीचं झाकण लावतात का, एवढंच बघा. आणि आकडा जास्त दिसला, तर काय खाल्लं म्हणून विचारण्याआधी हात धुतले होते का, हे विचारा.